सातवी-आठवी भूमिती: सूत्रं पाठ आहेत, पण क्षेत्रफळ, घनफळ आणि आलेखात त्याच त्या चुका. काय करावं?

खडू_फळा (परभणी जिल्हा)

नमस्कार. सातवी-आठवीला गणित शिकवते, दोन्ही वर्ग मिळून पट ३८. सूत्रं सगळ्यांची तोंडपाठ आहेत, पण आकृती जरा तिरपी करून दिली की गाडी अडते. घटक चाचणीतल्या चुका वेगळ्या काढल्या तर त्याच त्या निघतात.

समांतरभुज चौकोनात पाया गुणिले तिरपी बाजू करतात. १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर लिहितात आणि १ घनमीटरमध्ये १०० लीटर पाणी मावतं असं सांगतात. परिमिती तेवढीच म्हणजे क्षेत्रफळही तेवढंच, असं धरून चालतात. आलेखावर (२, ५) आणि (५, २) एकाच जागी मांडतात, आणि ऋण संख्या आली की बिंदू कुठेही जातो.

निर्देशक भूमिती राज्य मंडळाच्या पुस्तकात नववीला आहे, पण तिचा पाया आठवीतच घालायचा आहे. हाताशी आहे ते असं: रद्दी पुठ्ठा भरपूर, सुतळी, ३० मीटरचा टेप, फक्की, चौकटीच्या वह्या, आलेख कागदाचं एक बंडल. प्रोजेक्टर नाही. साधारण १४ तासिका देता येतील. कृती कोणत्या, कोणत्या मापाच्या आणि त्यात कुठं फसतं, हे नेमकं सांगितलं तर फार उपयोग होईल.

काटकोन

मॅडम, तिरपी बाजू आणि परिमितीचा घोळ, दोन्हींचं मूळ एकच आहे. लेकरांच्या डोक्यात क्षेत्रफळ म्हणजे 'आकृतीवर लिहिलेले दोन आकडे गुणा'. म्हणून पहिल्या दोन तासिका सूत्र फळ्यावर लिहूच नका.

पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कापा, दोन १४ सेंमी आणि दोन १० सेंमी लांबीच्या. प्रत्येक टोकापासून १ सेंमी आत भोक पाडायचं. भोकापासून भोकापर्यंत १२ आणि ८ सेंमी आलं पाहिजे, पट्टीची पूर्ण लांबी धरायची नाही. इथंच निम्मे गट चुकतात, म्हणून भोक पाडण्याआधी पेन्सिलीची खूण तपासा. सांधे टिचबटणाने किंवा दोऱ्याच्या सैल गाठीने जोडा. गाठ घट्ट बसली तर चौकट फिरत नाही.

ही चौकट १ सेंमीच्या चौकटीच्या कागदावर ठेवून आधी काटकोनात धरा: परिमिती ४०, आत ९६ चौकोन. आता वरची बाजू एका अंगाला ढकलायची. उंची ६ झाली की क्षेत्रफळ ७२, उंची ४ झाली की ४८. पार आडवी केली की शून्य. पट्ट्या त्याच, परिमिती ४०च. 'तिरपी बाजू ८ अजून आहे, मग आतली जागा कुठं गेली?' हा प्रश्न विचारून गप्प बसा. उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या.

त्यानंतर कातरकाम. चौकटीच्या कागदावर पाया १० घरं, उंची ४ घरं, वरची बाजू ३ घरं सरकवलेली, असा समांतरभुज चौकोन काढा. त्याची तिरपी बाजू बरोबर ५ येते. पायावरच्या टोकातून लंब टाकून त्रिकोण कापायचा आणि दुसऱ्या टोकाला नेऊन लावायचा. १० गुणिले ४ चा आयत तयार होतो, म्हणजे ४०. तिरप्या बाजूने गुणलं असतं तर ५० आले असते. ते १० जास्तीचे चौकोन कागदावर दाखवायला सांगा, कुणालाच दाखवता येत नाहीत. एक काळजी: त्रिकोण नुसता सरकवायचा, उलटा करायचा नाही. उलटा केला की बसत नाही आणि लेकरं म्हणतात कृतीच चुकली.

त्रिकोणासाठी एकाच मापाचे दोन कापून समांतरभुज चौकोन जुळवा. समलंबासाठीही दोन कापा, एक अर्धा फेरा फिरवून शेजारी लावा. पाया दोन समांतर बाजूंची बेरीज होतो आणि 'भागिले २' कुठून आलं ते समजतं.

आता सगळ्यात कामाची तासिका. १० आकृत्या द्या, त्यात विशालकोन त्रिकोण तीन तरी हवेत, आणि फक्त उंची काढायला सांगा. गणित करायचंच नाही. गुण्याची एक काटकोनी कड पायावर बसवायची आणि गुण्या पायावरून सरकवत नेऊन दुसरी कड शिरोबिंदूला टेकवायची. विशालकोन त्रिकोणात उंची बाहेर पडते, तिथं पाया तुटक रेषेने वाढवावा लागतो. पाया वाढवायची परवानगी असते हेच बऱ्याच लेकरांना ठाऊक नसतं. मग ती आतल्या आत कुठलीतरी रेघ ओढून मोकळी होतात.

परिमितीसाठी २४ सेंमी सुतळीचा फेर घ्या, गाठीसाठी २ सेंमी जास्त कापून. पूर्ण संख्येच्या बाजू घेऊन आयत करायचे: १ × ११, २ × १०, ३ × ९, ४ × ८, ५ × ७, ६ × ६. क्षेत्रफळं ११, २०, २७, ३२, ३५, ३६. मग उलटं करा. ३६ चौकोन तेच ठेवून परिमिती काढा: १ × ३६ ला ७४, २ × १८ ला ४०, ३ × १२ ला ३०, ४ × ९ ला २६, ६ × ६ ला २४. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लिहून ठेवा, पुसू नका. पहिला तक्ता आलेखाच्या वेळी पुन्हा लागेल.

चौरस मीटरसाठी फरशीवर खडूने १ मीटर बाजूचा चौरस आखा, दर १० सेंमीवर रेघा मारा. १०० घरं होतात. त्यातल्या एकाच घरात १ सेंमीच्या रेघा मारल्या तरी पुरे. एका घरात १००, अशी १०० घरं, म्हणजे १०,०००. आखणीला १५ मिनिटं लागतात.

हौद

घनफळाकडं येतो. आधी १ लीटरचा घन करा, पण जाड पुठ्ठ्याचा करताना सावध. बाहेरून १० सेंमी ठेवला आणि पुठ्ठा ३ मिमी जाड असला तर आत ९.४ सेंमीच उरतात. ९.४ चा घन साधारण ८३१, म्हणजे जवळजवळ १७० मिली कमी. बाटलीभर पाणी ओतलं की सांडतं आणि '१००० घन सेंमी म्हणजे १ लीटर' यावरचा विश्वासच उडतो. म्हणून आतलं माप १० सेंमी येईल असा करा. पाण्याऐवजी कोरडी बारीक वाळू वापरा. पाण्याने पुठ्ठ्याच्या भिंती फुगतात आणि मग उलटी चूक होते, लीटरपेक्षा जास्त मावतं. मध्यावर चिकटपट्टीचा एक वेढा दिला तर फुगवटा कमी होतो.

पुढं घनमीटर. सरळ तुराट्या निवडून प्रत्येकी १ मीटरच्या १२ कापा, आठ कोपरे सुतळीने बांधा. नुसत्या बारा काड्यांचा सांगाडा एका बाजूला कलंडतोच. त्याला दोन-तीन बाजूंवर १४१ सेंमीची तिरपी काडी आधाराला बांधायची. बांधायला दोन्हीकडं वाव हवा म्हणून ती दीड मीटरची कापा. तयार झाल्यावर मघाचा लीटरचा घन त्याच्या तळाशी एका कोपऱ्यात ठेवा. एका रांगेत १०, तळाच्या थरात १००, असे थर १०. १००० लीटर. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की १०० लीटर लिहिणारा हात थांबतो.

'लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची' हे सूत्र सांगण्याऐवजी 'तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची' असं सांगत चला. आधी एका थरात किती, मग थर किती. इष्टिकाचितीला हेच, वृत्तचितीलाही हेच. लेकरांना दोन वेगळी सूत्रं वाटत नाहीत.

वृत्तचितीला एक सोयीचं माप सांगतो. जाड कागदाचा तुकडा २३ सेंमी × १२ सेंमी कापा, त्यातला १ सेंमी चिकटवायला जातो. परीघ २२ सेंमी, म्हणजे त्रिज्या ३.५ सेंमी. घनफळ २२/७ × ३.५ × ३.५ × १२ = ४६२ घन सेंमी. खाली पुठ्ठ्याचं गोल बूड लावा.

आता फळ्यावर विहीर लिहा: व्यास ७ मीटर, खोली १२ मीटर. घनफळ ४६२ घनमीटर, म्हणजे काठोकाठ भरली तर ४ लाख ६२ हजार लीटर. आकडा तोच का आला? हातातली नळी ही त्या विहिरीची शंभरपट लहान प्रतिकृती आहे. लांबी १०० पट, म्हणून क्षेत्रफळ १०० × १०० म्हणजे १०,००० पट आणि घनफळ १०,००,००० पट. घन सेंमी आणि घनमीटर यांच्यातला दहा लाखांचा फरक पाठ करायची गरजच उरत नाही. माझ्या मते या अख्ख्या घटकातली ही सर्वात मोलाची कृती आहे, तिला पूर्ण तासिका द्या.

आठवीतल्या हुशार गटाला त्याच नळीसोबत शंकू करू द्या. सगळे इथं एकच चूक करतात, पाकळीची त्रिज्या १२ सेंमी घेतात. १२ ही शंकूची उंची आहे. तिरकस उंची म्हणजे ३.५ चा वर्ग अधिक १२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: १५६.२५ चं वर्गमूळ, १२.५ सेंमी. म्हणून १२.५ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळातून ३६० × ३.५ ÷ १२.५, म्हणजे जवळजवळ १०१ अंशांची पाकळी कापायची, चिकटवायला एका कडेला १ सेंमी पट्टी जास्त ठेवून. असा शंकू तीनदा भरून ओतला की नळी भरते, १५४ चा तिप्पट ४६२. ज्वारीने मोजत असाल तर दर वेळी पट्टीने सपाट करा. शीग ठेवली तर दोन-अडीच मापांतच नळी भरेल आणि निष्कर्ष चुकेल.

पृष्ठफळ आणि घनफळ वेगळं कळावं म्हणून हौदाचं गणित द्या. आतून २ मी × १.५ मी × १ मी. पाणी ३ घनमीटर, म्हणजे ३००० लीटर. आतून गिलावा किती? तळ ३ चौमी, चार भिंती २ × (२ + १.५) × १ = ७, एकूण १० चौमी. वर झाकण नाही हे विसरून १३ लिहिणारे हमखास असतात. भिंत १५ सेंमी जाड असताना बाहेरून टेप लावला तर काय होईल, हेही विचारा. माप २.३ × १.८ येतं, पाणी ४१४० लीटर निघतं. ११४० लीटर हवेतलं पाणी.

खडू_फळा (परभणी जिल्हा)

खूप आभार, विहीर आणि नळी उद्याच्याच टाचणात घेते. दोन शंका. वर्गातली बहुतेक लेकरं शेतकऱ्यांची आहेत, ती गुंठ्यात बोलतात आणि पुस्तक चौरस मीटरमध्ये. हे जोडायचं कसं? आणि पावसाचे मिलिमीटर ही लांबी आहे की घनफळ, हा प्रश्न वर्गातून आला आहे.

बांधावरून

ताई, गुंठ्यापासूनच सुरू करा, ती त्यांची मातृभाषा आहे. १ गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ४० गुंठे म्हणजे १ एकर, ४३,५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतं. १ आर म्हणजे १० मी × १० मी, १०० चौमी. १०० आर म्हणजे १ हेक्टर. गुंठा १०१.१७ चौमीचा, म्हणून बोलताना लोक गुंठा आणि आर एकच धरतात. फरक टक्क्याच्या थोडा वर आहे, पण आहे. १.०५ हेक्टर म्हणजे १ हेक्टर ५ आर. त्याला १ हेक्टर ५० आर वाचणारी लेकरं निघतील, दशांश अपूर्णांकाची उजळणी तिथंच होऊन जाते.

मैदानावर फक्कीने ३३ फुटांचा चौरस आखा आणि त्याच कोपऱ्यातून १० मीटरचा. १० मीटर म्हणजे ३२ फूट ९.७ इंच. दोन रेघांमध्ये जेमतेम अडीच इंच अंतर राहतं. दोन्हींत फरक आहे आणि तो केवढा आहे, दोन्ही एका नजरेत दिसतं.

काटकोन गवंडी काढतात तसाच काढा. सुतळीवर ३, ४ आणि ५ मीटरवर खुणा करून त्रिकोण ताणायचा. लहान मापाने, म्हणजे ३-४-५ फुटांनी, काढलेला काटकोन ३३ फुटांपर्यंत जाता जाता भरकटतो. म्हणून मोठा त्रिकोण घ्या आणि शेवटी चौरसाचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले तरच आखणी बरोबर. सुतळी ताणल्यावर लांबते, त्यामुळे खुणा ताणलेल्या सुतळीवर टेप धरूनच करायच्या.

आता वाकड्यातिकड्या वावराचं क्षेत्रफळ. गावाकडं समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणतात. आयताला ते बरोबर, बाकी चौकोनांत ते नेहमी जास्तच येतं. हे पटवायला तीन चौकोन द्या, तिन्हींच्या चारही बाजू २५ मीटर. पहिला चौरस: ६२५ चौमी. दुसऱ्याचे कर्ण ३० आणि ४०: क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं, ६००. तिसऱ्याचे कर्ण १४ आणि ४८: फक्त ३३६. सरासरीची पद्धत तिन्हींना ६२५ सांगते. तिसऱ्यात जवळजवळ निम्मी जमीन कागदावरच वाढली. वरच्या चौकटीच्या कृतीचंच हे मोठं रूप आहे.

बरोबर रीत अशी. चौकोनाच्या दोन लांबच्या कोपऱ्यांमध्ये सुतळी ताणा, हा पाया. समजा ५० मीटर. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून सुतळीवर लंब मोजा, समजा १५ आणि १२ मीटर. क्षेत्रफळ = ½ × ५० × (१५ + १२) = ६७५ चौमी, म्हणजे पावणेसात आर. लंबाचा पाय नजरेने ठरवू नका. टेपचं शून्य कोपऱ्यावर धरून दुसरं टोक सुतळीवरून इकडून तिकडं फिरवायचं. जिथं आकडा सर्वात कमी येतो तोच लंब. कोपऱ्यापासून रेषेपर्यंतचं सर्वात लहान अंतर म्हणजे उंची, ही व्याख्या हाताने शिकून होते. टेप जमिनीला समांतर आणि ताणलेला हवा, गवतावर टेकला की आकडा वाढतो.

पाणलोट

पावसाच्या प्रश्नाचं उत्तर: मिलिमीटर ही लांबीच आहे, साचलेल्या थराची जाडी. क्षेत्रफळाने गुणलं की घनफळ होतं. १ चौमी × १ मिमी = ०.००१ घनमीटर = बरोबर १ लीटर. शाळेचे पत्रे २० मी × ६ मी जागा झाकत असतील आणि १० मिमी पाऊस झाला तर १२०० लीटर. उतरत्या पत्र्याचं तिरपं माप घ्यायचं नाही, खाली जमिनीवर जेवढी जागा झाकली तेवढीच धरायची. पुन्हा तिरप्या बाजूचाच सापळा आहे. प्रत्यक्षात काही पाणी उडून, सांडून, पत्रा भिजण्यात जातं. ०.८ ने गुणा, ९६० लीटर धरा.

मोठ्या घनफळाची जाण यायला लातूरची पाण्याची रेल्वे घ्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीत १० वाघिणींमधून सुमारे ५ लाख लीटर पाणी आलं. हे ५०० घनमीटर झालं. ८ × ६ × ३ मीटरची वर्गखोली १४४ घनमीटरची, म्हणजे जवळपास साडेतीन वर्गखोल्या. आणि मघाच्या सात मीटर व्यासाच्या विहिरीत ४६२ घनमीटर. एका मोठ्या शहरासाठी आलेली गाडी एका भरलेल्या विहिरीपेक्षा थोडीच जास्त, हे लेकरांनी स्वतः मोजून काढावं.

पावसाळ्यात जायकवाडीच्या बातम्यांत टीएमसी आणि क्युसेक येतात. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, ते घनफळ. क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, तो वेग. १ घनफूट म्हणजे साधारण २८.३ लीटर. १०,००० क्युसेकने १ टीएमसी पाणी जायला १,००,००० सेकंद लागतात, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास. भागाकारही होतो आणि एककही पक्कं होतं.

शेततळं मात्र आठवीच्या शेवटाला घ्या. वर ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार १:१ (दर मीटर खोलीला प्रत्येक बाजू १ मीटर आत) असेल तर तळ २४ × २४ उरतो. ३० × ३० × ३ करून २७०० घनमीटर लिहिणं चूक. मध्यावर २७ × २७. मग घनफळ = खोली ÷ ६ × (वरचं + ४ × मधलं + तळाचं) = ३ ÷ ६ × (९०० + २९१६ + ५७६) = २१९६ घनमीटर, जवळपास २२ लाख लीटर. पाचशेहून जास्त घनमीटरचा फरक पडला, तो फक्त उतारामुळं. सूत्र सिद्ध करत बसू नका. मधल्या थराला चारपट वजन का, याचा अंदाज थर कापून दाखवला तरी पुरे.

आलेख_वही

आलेखाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. (२, ५) आणि (५, २) ची अदलाबदल हा विसराळूपणा नाही, बहुतेक वेळा त्याआधीचा एक गैरसमज असतो. चौकटीच्या वहीत लेकरं घरात अंक लिहायला शिकलेली असतात, एका घरात एक अंक. म्हणून आलेखावरही ती घरांना नंबर देतात आणि बिंदू घराच्या पोटात मांडतात. निर्देशक हे रेघांचे नंबर असतात आणि बिंदू दोन रेघा कापतात तिथंच. पहिल्या तासिकेत एवढंच: अक्षाची रेघ ० आणि तिच्या पुढची रेघ १. पहिल्या घराला १ म्हणणारा पुढं सगळीकडं एकाने चुकतो.

मैदानावर पूर्ण जाळी आखू नका. १० × १० मीटरची जाळी म्हणजे २२ रेघा, २२० मीटर फक्की. दोन अक्ष पुरतात. आडवा क्ष-अक्ष, उभा य-अक्ष, प्रत्येकी −५ ते ५ मीटर, दर मीटरला खडा. आरंभबिंदूवर उभं राहून आधी आडवं चालायचं, मग उभं. (−३, २) ला डावीकडं तीन पावलं, मग वर दोन. लेकरू तिरपं चालत गेलं तर परत आरंभबिंदूवर बोलवा, क्रम अंगात मुरेपर्यंत. (०, ४) हा बिंदू क्ष-अक्षावर मांडणं ही ठरलेली चूक. 'शून्य पावलं आडवी, मग चार उभी' असं मोठ्याने म्हणवून घ्या. दोन अक्षांमुळं पडणाऱ्या चार भागांना चरण म्हणतात; अक्षांवरचे बिंदू कोणत्याच चरणात नसतात, हेही तिथंच उभं करून दाखवता येतं.

वर्गात परतल्यावर आपल्याच जिल्ह्यांची ठिकाणं द्या. अक्षांश-रेखांश ०.१ अंशापर्यंत घेतले आणि परभणी (७६.८ पूर्व, १९.३ उत्तर) आरंभबिंदू धरला, १ घर = ०.१ अंश, तर असं येतं:

परभणी (०, ०)
हिंगोली (४, ४)
जालना (−९, ५)
छत्रपती संभाजीनगर (−१५, ६)
बीड (−१०, −३)
धाराशिव (−८, −११)
लातूर (−२, −९)
नांदेड (५, −१)

चारही चरण भरतात. पहिल्यात हिंगोली, दुसऱ्यात जालना आणि संभाजीनगर, तिसऱ्यात बीड, धाराशिव, लातूर, चौथ्यात नांदेड. बिंदू मांडून झाल्यावर मराठवाड्याचा नकाशा शेजारी धरा, चुकलेला बिंदू लेकरं स्वतःच ओळखतात. लातूर परभणीच्या वर गेलं की कुणीतरी ओरडतंच. निर्देशक तयार देण्याऐवजी वजाबाकी त्यांच्याकडून करून घेतली तर आणखी चांगलं: बीडचं रेखांश ७५.८, ७५.८ − ७६.८ = −१.०, म्हणजे १० घरं डावीकडं.

एक धोका. फोनवरच्या नकाशात ठिकाणाचे आकडे अक्षांश आधी, रेखांश नंतर असे येतात. अक्षांश म्हणजे वर-खाली, आपल्या भाषेत य. म्हणजे तिथला क्रम आपल्या (क्ष, य) च्या उलटा. हे आधी सांगितलं नाही तर फोनवरून आकडे घेणारी पोरं सगळा मराठवाडा आडवा पाडतील.

बिंदूंवरून क्षेत्रफळ काढताना शून्य ओलांडण्याची चूक होते. (−३, −२), (४, −२), (४, ३), (−३, ३) हा आयत द्या. बरेच जण लांबी ४ − ३ = १ काढतात. अक्षावर बोट ठेवून −३ पासून ४ पर्यंत उड्या मोजायला लावा, ७ येतात. रुंदी −२ ते ३, ५. क्षेत्रफळ ३५. वजाबाकीचा नियम उड्या मोजून झाल्यावर सांगा, आधी सांगितला तर चिन्हांत अडकतात.

काटकोन यांनी दिलेला २४ सेंमी सुतळीचा तक्ता इथं वापरा. क्ष-अक्षावर एक बाजू, य-अक्षावर क्षेत्रफळ: (१, ११), (२, २०), (३, २७), (४, ३२), (५, ३५), (६, ३६), पुढं (७, ३५) पासून उतरत (११, ११). बिंदू पट्टीने जोडू देऊ नका, हाताने गुळगुळीत वक्र काढायचा. माथा ६ वर येतो, तिथं चौरस. प्रमाण दोन्ही अक्षांवर वेगळं घ्यावं लागेल, क्ष वर १ सेंमी = १, य वर १ सेंमी = ४. प्रमाण कोपऱ्यात लिहिल्याशिवाय वही तपासू नका.

बिंदूबोर्ड

वरचं सगळं पटलं, एक भर घालतो. ठिपक्यांच्या जाळीवर, कोपरे ठिपक्यांवरच असलेल्या कोणत्याही बहुभुजाचं क्षेत्रफळ ठिपके मोजून निघतं: आतले ठिपके + कडेवरच्या ठिपक्यांची निम्मी संख्या − १. हा पिकचा नियम, १८९९ चा. (०, ०), (६, ०), (२, ४) हा त्रिकोण काढा. कडेवर १२ ठिपके, आत ७. ७ + ६ − १ = १२. सूत्राने ½ × ६ × ४, तेही १२. कडेवरचे ठिपके मोजताना तिरप्या बाजूंवरचे सुटतात. (६, ०) ते (२, ४) या बाजूवर मधले तीन आहेत, (०, ०) ते (२, ४) वर एक. आकृतीत भोक असेल किंवा कड स्वतःला कापत असेल तर हा नियम चालत नाही. उत्तर ताडून बघायला त्याच्याइतकं झटपट साधन नाही, पण उंची पक्की होण्याआधी देऊ नका. नाहीतर लेकरं उंची शोधायचंच सोडून ठिपके मोजत बसतात.

खडू_फळा (परभणी जिल्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. तासिका अशा लावते आहे: पट्ट्यांची चौकट १, कातरकाम १, नुसती उंची १, सुतळी आणि चौरस मीटर १, गुंठा आणि मैदानमोजणी २, घनमीटर १, विहीर-नळी १, हौद आणि पाऊस १, मैदानावरचे अक्ष १, मराठवाड्याचे बिंदू २, आलेखावरून क्षेत्रफळ १. एकूण १३, एक चुकांच्या उजळणीला. शंकू आणि शेततळं आठवीच्या एका गटाला वेगळं देईन. जिल्ह्यांचा आलेख १ सेंमीला १ घर धरून आमच्या २४ × १८ सेंमीच्या कागदावर मावेल का?

आलेख_वही

मावेल, पण कागद आडवा धरूनच. आडवं −१५ ते ५ म्हणजे २० सेंमी, उभं −११ ते ६ म्हणजे १७ सेंमी. आरंभबिंदू कागदाच्या मध्यावर घेऊ नका, तिथं घेतला तर संभाजीनगर आणि धाराशिव दोन्ही बाहेर पडतील. डाव्या कडेपासून १७ सेंमी आणि खालच्या कडेपासून ११.५ सेंमीवर घ्या. छापील रेघेवर यायला अर्धा सेंमी इकडं-तिकडं झाला तरी चालेल.